साठ ओहमचा माणूस

पास्कल काळजी करायलाच जन्माला आला आहे, असं त्याची बायको रोझलिन म्हणते, आणि तिचं हे म्हणणं खोडून काढणारा वसईच्या पाचूबंदरात अजून कोणी निघालेला नाही. घराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघतो. गॅसचं बटण बंद आहे का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतो. "एकदाचा मीटर लावून बघ त्याला," रोझलिन म्हणते, "म्हणजे तुझ्याही जिवाला शांती आणि माझ्याही."

मीटर हेच पास्कलचं हत्यार. जुन्या पोकलेन, म्हणजे माती उपसणाऱ्या त्या लांब हाताच्या मशिनी, कोणी विकत घेण्याआधी तपासून द्यायच्या आणि त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनिक खोड्या शोधून काढायच्या, हा त्याचा धंदा. चौपन्न वर्षांचा गडी, चौदा वर्षं बहरीनला याच कामात काढून आलेला. वसईपासून पालघरपर्यंत कोणी जुनी मशीन घ्यायला निघाला की लोक आधी विचारतात, "पास्कलने बघितली का?" पास्कल "घे" म्हणाला की माणूस डोळे मिटून घेतो. पास्कल मात्र फाटकापर्यंत गेलेला परत उलटा येतो आणि बॅटरीचा स्विच बंद आहे ना, ते बघून जातो.

या मशिनींची खरी दुखणी तेला-ग्रीसची नसतात, बोलाचालीची असतात. इंजिनाला एक कंट्रोलर, पंपाला एक, केबिनमधल्या स्क्रीनला एक. हे सगळे एकमेकींत पिळलेल्या दोन बारीक वायरींवरून आपसात बोलत असतात. बोलणं चालू आहे तोवर मशीन हत्तीचं काम करते. बोलणं तुटलं की वीस टनांचं धूड जागच्या जागी बसतं. पास्कल हे बंदरावरच्या मासळीच्या लिलावावरून समजावून सांगायचा: सगळे आळीपाळीने बोली लावतात तोवर माल उठतो, एक जण मध्येच नुसता कोकलत राहिला, की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही आणि मासळी तिथेच पडून राहते.

बोलणं नीट चाललं आहे का, हे बघायची त्याची पहिली परीक्षा साधी. मशीन बंद करायची, बॅटरी तोडायची आणि त्या दोन वायरींमध्ये मीटर धरायचा. वायरींच्या दोन्ही टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहमचा अडसर बसवलेला असतो. दोन्ही मिळून साठ दाखवतात. साठ आले की पास्कलचा जीव भांड्यात पडायचा. कमी आले की कुठेतरी दोन वायरी एकमेकींना नको तिथे भेटल्या आहेत, असं समजायचं. धंद्यातल्या पोरांनी त्याचं नावच 'साठ ओहम' पाडलं होतं. त्याला ते आवडायचं, पण तो दाखवायचा नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी आठच्या मिस्सेत फादरांचं प्रवचन रंगात आलं होतं आणि पास्कलच्या खिशातला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, चारदा. रोझलिनने डोळे वटारले. पाचव्यांदा थरथरला तेव्हा तो बाकांच्या कडेकडेने चोरासारखा बाहेर आला. फोन चंद्रहासचा होता.

"पास्कलभाऊ, मशीन खाडीत बसली," चंद्रहासचा आवाज फाटला होता. "इंजिन चालू हाय, पन एकही लिव्हर ऐकत नाय. स्क्रीनवर नुसतं लालच लाल."

"खाडीत म्हणजे कुठे?"

"बांधाच्या भायेर, चिखलात. पहाटे सुकती बघून, पानी ओसरल्यावर उतरवलेली. भाऊ, आज पुनव हाय."

कोळ्याच्या घरात जन्मलेल्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. पुनवेचं उधाण, साडेबाराच्या सुमाराला पूर्ण भरती. पाणी केबिनच्या सीटवर चढणार. खारं पाणी एकदा कंट्रोलरमध्ये शिरलं की मशीन भंगारात. आणि ती मशीन चंद्रहासने फेब्रुवारीत घेतली होती, पास्कलच्या एका "घे"वर.

चंद्रहास नायगावच्या पुढचा, खाडीकाठी भात पिकवणाऱ्या घरातला. चाळिशी गाठेपर्यंत कारखान्यात हजेरी लावली आणि मग आईचा विरोध डावलून हे एकच धाडस केलं. मशीन घेतल्यावर पहिलं काम मिळालं तेही गावातलंच: भाताच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला चिखलाची भर द्यायची. गावाने त्याच्या नावाने नारळ फोडला होता. आता तेच गाव बांधावर उभं राहून त्याची मशीन बुडताना बघणार होतं.

पास्कलने स्कूटर काढली; मीटर आणि हत्यारं तिच्या डिकीत कायमच असायची. रस्ताभर त्याच्या डोक्यात फेब्रुवारीतली ती तपासणी फिरत राहिली. साठ आले होते का? आले होते. सगळे प्लग बघितले होते का? बघितले होते. पुन्हा पहिल्यापासून. सिग्नलला मागचा रिक्षावाला शिव्या देईपर्यंत त्याला हिरवा झालेला दिसला नाही.

तो पोचला तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. बांधावर पंधरावीस माणसं, आणि छत्री उघडून दगडावर बसलेली चंद्रहासची आई, धोंडूबाई. खाली तीसेक हात अंतरावर पिवळी मशीन चिखलात उभी होती, बादली हवेत तशीच अडकलेली. तिच्या पलीकडे पाणी चमकत होतं आणि ते हलत होतं.

"ह्योच काय तो, घे म्हननारा?" धोंडूबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

पास्कलने ऐकलं नाही असं दाखवलं. मिस्सेची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरला. दुसरी मशीन आणून ओढता येईल का, हे चंद्रहासने विचारून झालं होतं. रविवार, दुपारनंतर बघू, असं उत्तर आलं होतं. दुपारनंतर ओढायला वर काही दिसायला तर हवं.

केबिनजवळ चंद्रहासचा पुतण्या अल्पेश उभा होता. तिशीतला, अंगाने दांडगा, मशीन तोच चालवायचा. पास्कलने इंजिन बंद करून बॅटरी तोडली, सीटमागच्या तपासणीच्या सॉकेटला मीटर लावला. एकेचाळीस. मग चव्वेचाळीस. मग परत एकेचाळीस. आकडा एका जागी ठरत नव्हता. म्हणजे तुटलेलं काही नाही, कुठेतरी ओल आहे.

"मशीन धुतली होतीस?" त्याने अल्पेशला विचारलं.

"काल धुतली, काका. पाइप मारून."

"कंट्रोलरवर मारलास पाणी?"

"नाय हो. वरवर, चिखल काढायला."

भीतीला बसायला जागा लागते, आणि ती जवळची जागा बघते. पास्कलच्या तोंडून निघून गेलं, "तेच झालंय. तिथेच पाणी गेलंय."

झालं. चंद्रहासचा सकाळपासून तुंबलेला राग त्या पोरावर फुटला. "सतरांदा सांगितलं तुला, फडक्यानं पुसायची! घर बुडवलंस माजं!" बांधावरच्या माणसांनीही माना हलवल्या. अल्पेशने खाली बघितलं. आणि पास्कलला, लपवून काय करायचं, बरं वाटलं. दोष त्याच्या 'घे'चा नव्हता, धुण्याचा होता.

हे बरं वाटणं अर्धा तास टिकलं. त्याने पंपाच्या कंट्रोलरचा प्लग काढला. आत ठणठणीत कोरडं. इंजिनाचा काढला, तोही कोरडा. प्रत्येक वेळी मीटर लावला, प्रत्येक वेळी एकेचाळीस. पाइपाचं पाणी कुठेही शिरलं नव्हतं. अल्पेश निर्दोष होता, हे पास्कलला सव्वादहालाच कळलं. पण हे मोठ्याने सांगायचं म्हणजे मग कोणामुळे, हेही सांगावं लागलं असतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं. "बघतोय, बघतोय," एवढंच तो म्हणत राहिला.

पाणी मशीन ज्यांवर चालते त्या साखळीच्या पट्ट्यांना लागलं. चंद्रहास तिकडे बघेना, बांधाकडे तोंड करून उभा राहिला.

"काका, किती येल लागंल?" अल्पेशने हळूच विचारलं. एवढ्या शिव्या खाऊनही तो गुडघाभर चिखलात पाने-स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभा होता. पास्कलला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

आता एकच उपाय होता: वायरीचा रस्ता मधोमध तोडायचा आणि खोडी कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. केबिनच्या मागचा मोठा जोड त्याने सोडवला. केबिनच्या बाजूला मीटर लावला: एकशेवीस, पत्थरासारखे स्थिर. ही बाजू धुतल्या तांदळाची. पंपाच्या बाजूला लावला. तिथेही एकशेवीसच यायला हवे होते. आले बासष्ट, आणि तेही नाचत.

"मागे आहे," तो म्हणाला. "पंपाच्या खालची पत्र्याची प्लेट काढ."

अल्पेशने पाण्यात वाकून चार बोल्ट काढले. प्लेट खाली आली, तिच्यामागून चिखलाचं पाणी भळाभळा आलं. पास्कल साखळीवर आडवा झाला आणि हात आत घातला. काळ्या नळीतून जाणारा वायरींचा जुडगा बोटांनी चाचपत पुढे सरकला. एका जागी नळी चिरलेली लागली. चिरेतून बाहेर आलेला एक फुगीर, मऊ, ओला गोळा हाताला लागला. त्याच्यावर दोरा होता.

जाळ्याचा दोरा. गाठ डावीकडे आणि टोक खाली खोचलेलं.

डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. जगात अशी गाठ मारणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक डिसेंबरात गेलं होतं.

पास्कलचा बाप बंदरावर लाकडी बोटी दुरुस्त करायचा. फळ्यांच्या फटींमध्ये राळेत भिजवलेली कापसाची वात ठोकून भरायची, हे त्याचं काम, आणि वात हातात देणं हे लहानपणी पास्कलचं. कापूस पाणी पितो, फुगतो आणि फट बंद करतो. जितकी ओल जास्त तितकी बोट घट्ट. बाप गेल्यावर त्याची पेटी पास्कलने माळ्यावर टाकली नाही, स्कूटरच्या डिकीत ठेवली. आणि फेब्रुवारीत, ही मशीन तपासताना उंदराने कुरतडलेल्या दोन वायरी सापडल्या, तेव्हा त्याच्याजवळची रबरी नळी संपली होती. बाजारात जाऊन आणता आली असती. पण डिकीत पेटी होती. त्याने वायरी जोडल्या, सभोवती बापाची कापसाची वात गुंडाळली, वर टेप, वर जाळ्याचा दोरा, आणि बापाची गाठ. करताना त्याला इतकं छान वाटलं होतं! बापाचे हात आपल्याच हातात आल्यासारखे. मीटर लावला, साठ आले. चंद्रहासला म्हणाला, "घे."

बोटीला तारणाऱ्या त्या कापसाने इथे खाडीचं पाणी पिऊन दोन वायरींच्या मधोमध खारी वाट करून ठेवली होती. बहरीनमध्ये एखाद्या नव्या पोराने असला जोड मारला असता तर पास्कलने त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस हा जोड एकदाही परत बघायला आला नव्हता. आपल्या हातचं कोण तपासतं?

"काय गावलं?" वरून चंद्रहासने ओरडून विचारलं.

पाणी साखळीच्या निम्म्यावर आलं होतं. तो गोळा पास्कलच्या मुठीत होता आणि मूठ कोणाला दिसत नव्हती. "वायर," तो म्हणाला. "खराब वायर."

ते खोटं नव्हतं. त्याने तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापला आणि शर्टाच्या खिशात टाकला. आतल्या तांब्याला हिरवा गंज चढला होता. पुढचा पाऊण तास त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. वायर कोरडी करायची, तोवर पाणी वर, सोलायची, तोवर पाणी आणखी वर. दोन वायरींचे जोड एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून मागेपुढे घ्यायचे, प्रत्येकावर वेगळी रबरी नळी चढवायची, ती लायटरने तापवून आवळायची. एकदा लायटर पाण्यात पडला; अल्पेशने बुडी मारून काढला, तो पेटेना, तेव्हा बांधावरच्या कोणीतरी आपला फेकला. पाणी पास्कलच्या कोपरांना लागलं. त्याच्या तोंडाने अर्धी राहिलेली मिस्सा आपोआप चालू झाली होती.

जोड झाला. वायर उंचावर बांधली. मीटर: साठ.

"बॅटरी लाव!" तो ओरडला, आणि अल्पेश वर चढला. स्क्रीन उजळली. लाल दिवे एकेक करत विझले. इंजिन धडधडलं, हवेत अडकलेली बादली हलली, आणि बांधावर एकच आरडाओरडा झाला. चिखलाने साखळ्या लगेच सोडल्या नाहीत. पहिल्या झटक्याला मशीन जागेवरच खोल गेली. दुसऱ्याला एक बाजू उचलली. मग अल्पेशने बादली बांधाच्या पायथ्याला रोवली आणि मशिनीचा लांब हात आखडत तिला तिच्याच जोराने ओढून वर आणलं. चिखल आणि पाणी गाळत ती बांधावर येऊन उभी राहिली, तेव्हा ती जिथे होती तिथे फक्त पाणी होतं. घड्याळात साडेअकरा.

चंद्रहासने पास्कलला मिठीच मारली. "वाचवलंस, भाऊ. देवासारका आलास." मग केबिनमधून उतरणाऱ्या अल्पेशकडे वळून म्हणाला, "आनि तू! आजपासून मशीनला हात लावायचा नाय. मी दुसरा ऑपरेटर बघतो."

अल्पेश तसाच पायरीवर थांबला. त्याच्या कानातून चिखलाचं पाणी ओघळत होतं.

पास्कलला वाटलं, गप्प राहिलो तर आपण देव. अख्ख्या तालुक्यात बोभाटा होईल: पास्कलने बुडती मशीन काढली. खिशातला ओला गोळा छातीला गार लागत होता. त्याला एवढंच आठवलं, की बाप बोटीची फट भरून झाली की मालकाला बोलावून म्हणायचा, हात लावून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नको.

त्याने गोळा काढून चंद्रहासच्या हातावर ठेवला. "पोराने काही नाही केलं," तो म्हणाला. "हा जोड फेब्रुवारीत मी मारला. यानेच बसली तुझी मशीन. धुण्याने नाही, हे मला सव्वादहालाच कळलं होतं आणि मी गप्प बसलो."

चंद्रहास कधी गोळ्याकडे, कधी पास्कलकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग परत येताना पास्कलला दिसला, आणि आपण काहीही ऐकून घ्यायचं, असं त्याने ठरवलं. पण आधी अल्पेश आला. त्याने चंद्रहासच्या हातातून गोळा घेतला, पिळला. खारं पाणी ठिबकलं.

"काका," तो पास्कलला म्हणाला, "असा आनखी कुटं मारलाय?"

विचारण्यात टोमणा नव्हता. ऑपरेटरचा साधा प्रश्न होता. उद्या त्या केबिनमध्ये त्याच्यासारखाच कोणी बसणार होता. हा विचार पास्कलला शिवलाच नव्हता. बाप गेल्यापासून पाच महिने, रबरी नळी जवळ असतानाही, त्याचा हात त्याच पेटीकडे गेला होता. त्याने चिखलाच्या हातांनी डायरी काढली आणि पानं उलटत गेला. कामणच्या खाणीतली. महामार्गाच्या कामावरची. विरारची, पायाच्या खड्ड्यातली. सहा झाल्या. सहावीवर त्याचं बोट थांबलं: राजोडी, किनाऱ्यावर दगड रचायचं काम. तिथेही हीच पुनव होती आणि हीच भरती.

फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. त्याने परत लावला. तिसऱ्यांदा मालकाने उचलला. मागे समुद्राचा आणि इंजिनाचा आवाज येत होता.

"मशीन कुठे आहे?"

"खाली, पाण्याच्या कडेला. का हो पास्कलभाऊ?"

"आत्ताच्या आत्ता वर घे. भरती उतरेपर्यंत खाली नेऊ नकोस. मी येतोय."

"अरे पण मस्त चाललीये! बिघडलीये असं सांगितलं कोणी?"

"चालतेय तोवरच काढ," पास्कल म्हणाला. "आतला एक जोड खराब आहे. मीच मारलाय तो."

पलीकडे मालक ओरडून ऑपरेटरला हाका मारत असल्याचं ऐकू आलं. पास्कल फोन कानाला धरून उभा राहिला. इंजिनाचा आवाज वाढला, लांब गेला, दगडांवर साखळ्या खडखडल्या. "आली वर," मालक शेवटी म्हणाला आणि पुढे जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पास्कलने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

त्याने फोन ठेवला. चंद्रहास अजून त्याच्याकडेच रागाने बघत होता. धोंडूबाई मात्र छत्री मिटून उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरला.

"पी आदी," ती म्हणाली. "मंग दुसऱ्याला लाव."

पास्कल पाणी प्यायला आणि त्याने पुढचा नंबर लावला.